वाकळेचा शेवटचा कोपरा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस कोल्हापूरचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, हे अनेकांना आठवत असेल. पाणी ओसरल्यानंतरचे दृश्य मात्र बाहेरच्यांच्या फारसे परिचयाचे नाही. शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांतल्या पूरग्रस्त गावांत रस्त्याच्या कडेला भिजून कुजू लागलेल्या अंथरुणांचे ढीग लागले होते. गाद्या, उशा, चादरी, आणि सर्वांत खाली, सर्वांत जड, वाकळा. कोरडी वाकळच एकट्या माणसाला पेलताना जड जाते. पाणी प्यालेली वाकळ दोघांनाही हलवत नाही.

त्याच सुमारास मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. धान्य, पाणी, औषधे यांच्याबरोबर जुन्या कपड्यांची गाठोडी आली, आणि ती इतकी आली की अखेर मदत गोळा करणाऱ्यांनाच ‘जुने कपडे पाठवू नका’ असे सांगण्याची वेळ आली. शिरोळ तालुक्यात दिलेली माझ्या आईची एक बालमैत्रीण आहे. मी तिला मावशी म्हणते. तिच्या घरात छताला हात लागेल एवढे पाणी होते. गाठोड्यांविषयी ती एवढेच म्हणाली, ‘‘दुसऱ्याची उतरण अंगावर घालायची येळ अजून आल्याली न्हाई बाई आमच्यावर.’’

पुढे दोन महिन्यांनी आई आणि तिच्या शाळेतल्या चार मैत्रिणी आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या सोप्यात बसल्या. प्रत्येकीने आपली एकेक नेसून मऊ झालेली सुती साडी आणली होती. त्या पाच साड्यांची त्यांनी एक वाकळ शिवली आणि मावशीकडे पाठवली. तीही जुन्या कपड्यांचीच होती. पण मावशीने ती घेतली. नुसती घेतली नाही, गल्लीत दाखवत फिरली.

जुने कापड एकाच बाईने एका हाताने नाकारावे आणि दुसऱ्या हाताने घ्यावे, यात विसंगती काहीच नाही हे आपल्याला आतून कळते. पण का नाही, हे सांगायला गेले की थोडे थांबावे लागते. मी इतिहासाची नव्हे, मराठीची प्राध्यापक आहे. तरीही या प्रश्नाचा माग काढताना शब्दांपासून सुरुवात करून मला थोडेफार इतिहासात शिरावे लागले. हा लेख म्हणजे त्याचा वृत्तान्त.

पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे वाकळ. पलीकडे बेळगाव-धारवाडकडे उतरले की तिची ‘कौदी’ होते. मोल्सवर्थच्या कोशाने हा शब्द एकोणिसाव्या शतकातच नोंदवला आहे. लहान मुलाच्या अंथरुण-पांघरुणाचे शब्द पाहा : दोन पदरांचे ते दुपटे, चार घड्यांची ती चौघडी. त्यांची नावे पदर मोजून ठेवलेली आहेत. वाकळेचे पदर मात्र कोणी मोजत नाही. ती पाचाची असते, सातची असते, आणि फाटली की वरून आणखी एक पदर चढतो. जुनी वाकळ नव्या वाकळेच्या पोटात जाते. त्यामुळे एखादी वाकळ किती वर्षांची, या प्रश्नाला सरळ उत्तर नसते.

मराठी वाङ्मयातली सर्वांत प्रसिद्ध वाकळ जनाबाईची. महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त तिची कथा सांगितली आहे. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत येतो, पहाटे काकड्याची वेळ होते तशी लगबगीने निघतो, आणि घाईत आपला शेला व पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात उभा राहतो. भाविक ऐकणारे इथे गहिवरतात, आणि ते योग्यच आहे. पण कथेचा पुढचा भाग सहसा घाईने उरकला जातो. पदक सापडत नाही म्हटल्यावर संशय कोणावर जातो? जनीवर. तिला सुळावर द्यायला नेतात. पुढे सुळाचे पाणी होते, तो चमत्कार. मला मात्र चमत्काराआधीच्या दोन-तीन प्रहरांचे अप्रूप वाटते. शेला आणि वाकळ यांची अदलाबदल झाली होती. देवाच्या अंगावर वाकळ दिसली तर ती लीला, आणि दासीच्या घरात शेला सापडला तर ती चोरी. वस्त्रांची देवाणघेवाण बरोबरीच्या माणसांत होते तेव्हा तिला एक अर्थ असतो आणि उतरंडीवर होते तेव्हा दुसरा, हे महिपतीच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसणार.

वाकळेची कृती सांगायला सोपी आणि करायला कंबर मोडणारी. सुगी सरली, चैत्र-वैशाखाचे ऊन आले की बायका वाकळांना हात घालत. खाली एक जुने लुगडे अंथरायचे, ताणून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवायची. त्यावर फाटके धोतर, विरलेला पटका, पोरांचे सदरे उसवून केलेले तुकडे, शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या, सगळे सपाट पसरायचे. एकावर एक येऊन गाठ होता कामा नये. झोपणाऱ्याच्या बरगडीला ती लगेच कळते. वर दुसरे लुगडे. मग कडेपासून आत धावदोरा घालत यायचे, बोटाबोटाच्या अंतरावर, चौकोनात चौकोन करत. सुई लांब लागते आणि दोरा जाड. शिवणारी वाकळेवरच बसते आणि शिवत शिवत सरकते. दोघी-तिघी असतील तर प्रत्येकीने एकेक बाजू धरायची. मग मधल्या चौकोनापर्यंत पोचताना कोणाचा टाका लांब आणि कोणाचा आखूड हे वाकळेवर कायमचे उमटते. आमच्याकडे शेवटचा कोपरा मिटवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा नाहीतर चार दाणे घालत. वाकळेचे पोट भरले पाहिजे, म्हणजे पांघरणाऱ्याचे उपाशी राहत नाही.

याच कुळातली आणखी एक बहीण उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आणि पुढे जंगलपट्टीत वसलेल्या सिद्दी लोकांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्याही कडेकडून आत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी-नागडी वाटते. बंगालची कांथा या सर्वांत भाग्यवान. गुरुसदय दत्तांसारखा संग्राहक तिला मिळाला, स्टेला क्रामरिशसारख्या विदुषीने १९३९ मध्ये तिच्यावर लिहिले. दत्तांच्या संग्रहातल्या एका कांथेवर मानदासुंदरी नावाच्या बाईने, ती वडिलांसाठी केली असल्याचे सुईने लिहून आपले नाव नोंदवले आहे. आपल्या वाकळेवर नाव नसते. तिच्यावर मोर, रथ, हत्ती असे काही नसल्यामुळे संग्राहक तिच्याकडे वळले नाहीत, आणि नाव नसल्यामुळे इतिहासकार.

पण वाकळ हे या व्यवहाराचे फक्त शेवटचे टोक आहे. कापडाचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि तो प्रामुख्याने बाळंतिणीच्या खोलीभोवती फिरतो. नव्या जिवाच्या अंगाला पहिल्यांदा जुने कापड लावायचे, हा संकेत आपल्याकडे सार्वत्रिक होता. त्याला व्यावहारिक कारण उघड आहे : शंभरदा धुतलेल्या धोतराइतके मऊ दुसरे काही नसते. परंतु तेवढेच कारण नव्हते. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पाच घरी हिंडून चिंध्या मागून आणत आणि त्यांचे अंगडे शिवत. मुलाचे नावही मग भिकू, धोंडू, केरू असे ठेवत. मृत्यूला फसवण्याचा तो प्रयत्न होता : हे मूल कोणा एका घरचे नाहीच, पाच घरांनी मिळून पांघरलेले आहे, आता कोणाच्या दारातून नेशील? आज हा समज भाबडा वाटेल. परंतु बालमृत्यू घरोघरी होता त्या काळात एकीच्या दुःखात चार घरच्या बायकांनी शिरण्याची ती एक रीत होती, आणि तिचे माध्यम कापड होते.

त्यानंतर बाळंतविडा. डिंक-मेथी-खोबऱ्याबरोबर झबली, टोपडी, लाळेरी, दुपटी, आणि या सर्वांची राणी म्हणजे कुंची. डोके, कान झाकून पाठीवर उतरणारी, कडेला झालर आणि टोकाला गोंडा असलेली कुंची बहुधा खणाची असे. गुळेदगुडचे खण कोल्हापूरला नवे नाहीत. चोळी बेतताना उरलेला तुकडा टाकून देण्याची छाती कोणात नव्हती. एकीच्या चोळीचा तुकडा, दुसरीच्या जुन्या शालूचा काठ, तिसरीच्या घरचे मणी, अशी कुंची जुळून येई. आणि ती एका बाळाची राहत नसे. जावेच्या, नणंदेच्या, मैत्रिणीच्या बाळाला घालून ती परत येई, तोवर तिचे अस्तर दोनदा बदललेले असे. आमच्या घरातली एक कुंची मी घातली, माझ्या भावाने घातली आणि आणखी अकरा मुलांनी घातली, असे आई सांगते. त्यांतले काही आता पन्नाशीला आले आहेत आणि टक्कल झाकायला वेगळ्या टोप्या घालतात.

ओटीतल्या खणाची, आणि आता त्याच्या जागी आलेल्या ब्लाऊजपीसची कथा याहून मौजेची आहे. हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाऊजपीस शिवून घातलेली बाई विरळा. तो कपाटात जातो, आणि पुढच्या सवाष्णीच्या ओटीत. कधी कधी चार-सहा वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येतो. ती तो ओळखते आणि काही बोलत नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने असतात असे त्याचे म्हणणे. त्याच्या तीनच वर्षे आधी मालिनोव्स्कीने त्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’ व्यवहाराचे वर्णन केले होते. तिथे शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि बाजूबंद उलट दिशेने बेटाबेटांतून वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि कोणीही ते कायमचे ठेवून घेत नाही. हे दोघेही विद्वान संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शिवाजी पेठेत आले असते तर त्यांना बोटीचा प्रवास वाचला असता. ब्लाऊजपीसची किंमत कापडात नसते, फिरण्यात असते. ज्या बायकांना घरात स्वतःच्या मालकीचे फारसे काही नव्हते, त्यांनी या फिरत्या कापडाचा एक हिशेब सांभाळला : कोणी कोणाला काय दिले, कोणाचे देणे राहिले, कोणाला या वेळी काठाचे द्यायला हवे. तो कोणत्याही वहीत नाही. या हिशेबातून विधवांना मात्र वगळलेले होते. त्यांची ओटी भरली जात नसे. ज्या व्यवस्थेचे आपण कौतुक करतो तिचा हाही एक पदर आहे, आणि तो उसवून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात शिवण शाळेत गेली आणि तिचे दोन भाग झाले. मुंबई इलाख्यातल्या मुलींच्या शाळांत सुईकाम हा विषय आला. मुलींना शिकवून काय करायचे, या प्रश्नाला सुधारकांकडे असलेले ते सोयीस्कर उत्तर होते : मुलगी वाचायला शिकेल, पण रुमालाला हेमही घालील. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या ‘मुक्ती’त शिवणकाम ठेवले, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनात ठेवले, त्यांच्यापुढे मात्र रुमाल नव्हता, पोट होते. आश्रय तुटलेल्या बाईला चार पैसे मिळवून देणारे ते कौशल्य होते. हा फरक पुढे पुसट झाला. मध्यमवर्गीय घरांत उरले ते भरतकाम : उशांचे अभ्रे, टेबलावरचे झाकण, रुखवतातले ‘सुस्वागतम्’. वाकळ कोणत्याच अभ्यासक्रमात आली नाही. ती शिकवावी लागत नाही, अशी समजूत होती. आणि खरे कारण असे की ती गरिबी उघड करते.

यंत्राने काय केले? गांधीजींचा यंत्रविरोध सर्वश्रुत आहे; पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिलाईयंत्राला अपवाद ठरवले. बायकोला हाताने शिवताना पाहून सिंगरला दया आली आणि त्या प्रेमातून यंत्र जन्मले, असे ते म्हणाले. गांधीजींची माहिती दुर्दैवाने उदार होती. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ चे. त्याच्या पाच वर्षे आधी एलियास हाऊने आपले पेटंट घेतलेले होते, आणि सिंगरच्या प्रेमाविषयी सांगायचे तर त्याला निरनिराळ्या स्त्रियांपासून झालेली किमान चोवीस अपत्ये चरित्रकारांनी मोजली आहेत. ते असो. सिंगरपाठोपाठ कलकत्त्याची ‘उषा’ आली, ती सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर जाऊ लागली, आणि तिने अनेक संसार सावरले हे निर्विवाद. सरकारलाही बायकांची आठवण झाली की अजून शिलाईयंत्रच आठवते. पण यंत्रावर एकीलाच बसता येते. वाकळेभोवती चौघी बसत.

कापडाची खरी किंमत कोल्हापूरच्या बायकांना महायुद्धाने शिकवली. गंमत अशी की कापड या भागात कमी नव्हते. शाहू छत्रपतींनी १९०६ मध्ये कोल्हापुरात सूतगिरणी व कापडगिरणी उभारण्यास हात घातला. त्याच्या दोन वर्षे आधी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला होता. परंतु लष्कराच्या मागण्या, साठेबाजी आणि भाववाढ यांनी कापड बाजारातून नाहीसे झाले. १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. जाडेभरडे ‘स्टँडर्ड’ कापड आले. माझी आजी त्या सुमारास लग्न होऊन आली होती. ती सांगत असे की वळीत घातलेले लुगडे रात्री आत घेतले नाही तर सकाळी मिळत नसे. दोन शेजारणींत बाहेर नेसायचे धड लुगडे एकच. जिला बाजारात जायचे असेल तिने नेसायचे. मैत्रिणी हौसेने कपड्यांची अदलाबदल करतात असे आपण आज म्हणतो, तेव्हा ही एक जोडी मला आठवते.

आजीची वाकळ आमच्या माळ्यावर होती. पुराचे पाणी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत आले नव्हते, तरी त्या वर्षीच्या दमटपणाने तिला वास लागला, म्हणून आईने आणि मी ती उसवली. वर १९७० च्या आसपासचे इरकली लुगडे. त्याखाली एक जुनी वाकळ सबंधच. तिच्यात आजोबांचा गुलाबी पटका, तो आता पांढराच. आणि तळाशी राखी रंगाचे, गोणपाटाची आठवण करून देणारे जाड कापड. आई म्हणाली, ‘‘हे कंट्रोलचं.’’ मला कोणत्याही अभिलेखागारात इतके थेट काही हाती लागलेले नाही.

पण मला थांबवले ते टाक्यांनी. आजीचा टाका मी ओळखते. तिची दुपटी माझ्याकडे आहेत. या वाकळेवरचे टाके तिचे नव्हते. बारीक, एकसारखे, कुठेही न चुकणारे, शेकडो वेळा हे काम केलेल्या हाताचे. मी आईला विचारले. ती सहज म्हणाली, ‘‘त्या वाकळवालीचे असतील की. उन्हाळ्यात यायची. पायलीभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं द्यायचो.’’ ती कुठे बसायची? अंगणात. सोप्यात का नाही? आई गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तेव्हा तसंच होतं.’’

‘आजीची वाकळ’ असे शीर्षक देऊन ललित लेख लिहिण्याचा मोह मराठीत अनेकांना झाला आहे. मलाही झाला होता. त्या लेखांत ऊब असते, आजीच्या हाताची माया असते, आणि अंगणात बसलेली बाई नसते. तिला मिळालेले जुने लुगडे ही भेट नव्हती. ती उतरण होती, आणि उतरणीला परतफेड नसते, कारण परत देणाऱ्याला तेवढी जागाच दिलेली नसते. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतांची वस्त्रे नेमून दिली. गावगाड्याने ती शिकवण आपल्या परीने चालू ठेवली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी लुगडे कसे नेसावे हे सांगितले, ते वरवर पाहता किरकोळ वाटते. जातीची खूण अंगावरून उतरवा, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, एवढेच त्यांचे सांगणे. पण ते वस्त्राच्या व्यवहारातल्या नेमक्या मर्मावर बोट ठेवणारे होते. त्याआधी सात वर्षे, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतल्या माणगावला शाहू महाराज आणि आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. ते गाव आमच्यापासून दूर नाही. आमचे अंगण आणि सोपा यांच्यातले अंतर त्यानंतरही पुष्कळ वर्षे तेवढेच राहिले.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशातल्या काळ्या स्त्रिया शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या थोर कलाकृती म्हणून संग्रहालयांच्या भिंतींवर गेल्या. पाच वर्षांत त्यांपैकी काही स्त्रियांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले. आपल्याकडेही आता गोधडी ‘क्विल्ट’ होऊन प्रदर्शनांत येते, काही हजारांना विकली जाते. काही ठिकाणी बचत गटांच्या बायकांना त्यातून बरा मोबदला मिळतो, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पायलीभर जोंधळ्यांपेक्षा ते नक्कीच बरे.

वाकळ मागे पडली ती मात्र कोणत्याही विचाराने नव्हे, तर पॉलिएस्टरने. टेरिलीन-नायलॉनच्या साड्या आल्या, त्या फाटेनात. आणि फाटत नाही त्याची वाकळ होत नाही. त्यातून सुई सरळ जात नाही, घाम टिपला जात नाही. त्याच काळात बोहारणीने उरलेले काम केले. दोन जरीच्या साड्या आणि एक पँट यांवर एक स्टीलचा डबा. घासाघीस करून डबा मिळवल्याचा आनंद आमच्या आईला आठवडाभर पुरत असे. त्या डब्यांत आजही डाळी आहेत. कोल्हापूरच्या शाहू मिलचा भोंगाही २००३ मध्ये थांबला. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन बडवायच्या आणि काठावरच्या दगडांवर वाळत घालायच्या, ही रीत अजून आहे. पण काठावर दिसते ती बहुतेक चादरी आणि ब्लँकेटे.

म्हणूनच त्या ऑक्टोबरात पाच जणी सोप्यात बसल्या तेव्हा प्रथम त्यांना सुती साड्याच मिळेनात. एकीने मृत सासूच्या पेटीतून काढली, एकीने मुलीच्या बारशाला नेसलेली दिली आणि देताना दोनदा परत घेतली. शिवताना गुडघ्यांनी साथ दिली नाही; दोघी खुर्चीवर बसून मांडीवर घेऊन शिवत होत्या, त्यामुळे एक बाजू आक्रसली. काम आठ दिवस चालले, आणि त्यातले निम्मे दिवस चहात गेले. या पाचांत एक जण त्या जुन्या ‘तेव्हा तसंच होतं’च्या काळात आमच्या सोप्यात येऊ शकली नसती. शाळेत मात्र ती आणि आई एका बाकावर बसत. आपल्या आईला शिवताना पाहिलेली त्यांच्यात तीच होती, आणि दोरा कुठून सुरू करायचा हे बाकीच्या चौघी तिलाच विचारत होत्या.

शेवटचा कोपरा त्यांनी मिटवला नाही. सुई-दोऱ्यासकट तसाच मोकळा ठेवून वाकळ पाठवली. मावशीने तो मिटवायला महिना लावला. दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती आणि वाकळ नव्या लोखंडी कॉटवर घडी करून ठेवलेली होती. कोपऱ्यात हिरवा तुकडा बसवलेला होता. नावेत चढताना तिच्या अंगावर जी साडी होती, तिचा. पांढरा दोरा संपला म्हणून पुढचे टाके काळ्या दोऱ्याने घातले होते. आत काय घातलेस, असे आईने विचारले, तर म्हणाली, ‘‘पुरातनं निघाल्यालं भात. चारच दाणं. बाकीचं तुमास्नी ठेवलंय.’’ आणि आतून पाच पिशव्या आणून तिने आमच्यासमोर ओळीने मांडल्या.